नानांच्या वहीतल्या पावत्या: येऊर, ऐरोली, कर्नाळा

नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कुठेही पैसे दिले की त्यांचा हात तसाच पुढे राहतो. पावतीसाठी. एकदा भाजीवाल्यापुढेही राहिला होता. चौतीस वर्षं तलाठी म्हणून काढलेली, त्यातली बरीचशी अकोले तालुक्यात (पूर्वीच्या नगर, आता अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे), कळसूबाईच्या आसपासच्या सजांमध्ये (सजा म्हणजे एका तलाठ्याकडची गावं). निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी खिशात शंभर पानी वही असते आणि तिच्यात गेल्या महिन्याची दुधाची बेरीजसुद्धा सापडते.

फेब्रुवारीत ते पंधरा दिवस ठाण्याला आले. चौथ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "तुमच्या ठाण्यात तलाव नि मॉल सोडून काही आहे का?" मी जन्माची ठाणेकर. लागलं मनाला. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून मी, नाना आणि सहावीतली लेक अशा तिघांनी शुक्रवार ते रविवार तीन जंगलं करायची ठरवली. (शुक्रवारी शाळेला दांडी. बाईंना खरं कारण सांगितलं, त्यांनी फोटो पाठवा म्हटलं.) तिन्ही जागा वनखात्याच्या आणि तिन्हीकडे शुल्क, त्यामुळे नानांच्या वहीला चांगलं खाद्य मिळालं.

पहिला दिवस: येऊर

सकाळी सव्वासहाला उपवन तलावापाशी पोचलो. पाण्यावर धूर पसरल्यासारखं धुकं, काठाने चालणारी नेहमीची मंडळी, टपरीवर पहिल्या उकळीचा चहा. तिथून रिक्षाने वर, वनखात्याच्या नाक्यापर्यंत.

मी मनातून धुसफुसत होते, ते आधी कबूल करते. येऊर म्हणजे आमचं अंगण. शाळेत असताना सायकली ढकलत वर जायचो, जांभळं खायचो, जीभ दाखवत खाली यायचो. ना कुणी विचारायचं ना आम्ही सांगायचो. आता अंगणात शिरायला नाव, गाव, मोबाईल नंबर, आत जायची वेळ, आणि वर पैसे?

नाक्यावरच्या रजिस्टरात नानांनी 'येण्याचे कारण' या रकान्यात 'निरीक्षण' असं लिहिलं. पैसे दिले. हात पुढे. वनरक्षकाने पावती दिली. नानांनी चष्मा वर करून क्रमांक पाहिला, तारीख पाहिली, शिक्का पाहिला आणि विचारलं, "स्थळप्रत राहिली ना तुमच्याकडे?"

तो तरुण पोरगा हसायला लागला. "साहेब कुठल्या खात्यातले?"

"महसूल."

"मग बरोबर!"

नाना म्हणाले, "मंत्रालयात आपण एकच हो. महसूल व वन विभाग. खाली आलं की बांधावरून भांडतो." त्यावर दोघंही असे हसले की मागची स्कूटर हॉर्न वाजवायला लागली.

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. नाक्यावरून डांबरी रस्त्याने पाड्यांपर्यंत जाणं वेगळं आणि रस्ता सोडून जंगलातल्या वाटेला लागणं वेगळं. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. एकशेचार चौरस किलोमीटरच्या आसपासचं हे उद्यान लोक 'बोरिवलीचं' म्हणतात, पण त्याचा निम्म्याहून जास्त भाग ठाणे जिल्ह्यात येतो. आतल्या वाटेसाठी वनपरिक्षेत्र कार्यालयाची परवानगी हवी. मी आठवडाभर आधी साधा अर्ज दिला होता: तिघांची नावं, तारीख, कुठून कुठे, किती वाजेपर्यंत. सोबत पाड्यावरचा एक वाटाड्या घ्यायचा. हे केलं नसतं तर नाक्यावरची पावती खिशात असूनही आम्ही आत बेकायदा ठरलो असतो.

वाटाड्या म्हणजे बावीस-तेवीस वर्षांचा वारली मुलगा, पायात रबरी चप्पल, चाल मांजराची. पहिल्या पाचच मिनिटांत त्याने लेकीला सांगितलं, "तुझं जॅकेट वाजतंय." प्लॅस्टिकचं सळसळणारं जॅकेट काढून कमरेला बांधावं लागलं, आणि मग खरोखरच जंगल ऐकू यायला लागलं.

पानगळ सुरू झालेली. काटेसावर मात्र एकही पान अंगावर न ठेवता लालभडक फुललेली, आणि तिच्यावर भोरड्या पक्ष्यांचा बाजार भरलेला. कलकलाट असा की खाली उभं राहून बोलता येईना. पुढे तांबटाची टुकटुक, कुठेतरी लांब धनेशाची कर्कश हाक. स्वर्गीय नर्तकाची पांढरी शेपटी वाटाड्याने दोनदा दाखवली. लेकीला दोन्ही वेळा दिसली, मला एकदाच, नानांना एकदाही नाही. "ऐकण्यावर पैसे वसूल," म्हणाले.

मग कारवी लागली. २०२४ च्या पावसाळ्यात ही सगळी टेकडी जांभळी झाली होती. आठ वर्षांनी एकदा फुलते, म्हणजे हिशेबाने पुन्हा २०३२ ला. फुलून झाली की मरते. आता उरल्या होत्या त्या वाळलेल्या काड्या आणि टोकाला बोंडं. ऊन चढायला लागलं तशी एकेक बोंड तडकायला लागली. चट्. मग डावीकडे चट्. मग एकदम चार-पाच. कुणीतरी झाडीत बसून पापड मोडतंय असं वाटावं. लेकीच्या गालावर एक बी येऊन आपटली. तिने ती उचलून खिशात टाकली. वाटाड्या म्हणाला, "टाक इथंच. तिला इथंच उगवायचंय." तिने निमूटपणे टाकली.

नानांनी एका काडीवरून हात फिरवला. "आमच्याकडे कुडाच्या भिंती याच्याच. वरून शेणमाती."

"आमच्याकडंपण," तो म्हणाला. "आजाच्या घराला होती. आता तोडता येत नाय."

एका वळणावर वाघोबा होता. शेंदूर फासलेला दगड, पुढे वाळलेली फुलं आणि नारळाची करवंटी. वाघबारसेला इथे पूजा होते. वाटाड्याने चप्पल काढून हात जोडले, आम्हीही जोडले. रात्री इकडून बिबट्या जातो म्हणाला, रिक्षा जाते तशा सहज सुरात.

तेवढ्यात समोरून डोक्यावर वाळक्या काटक्यांची मोळी घेतलेली एक म्हातारी आली. नानांमधला तलाठी जागा झाला. हळूच वाटाड्याला विचारलं, "यांना पावती?"

"आजी हितलीच. तिची कोण पावती फाडणार?"

म्हातारीने ऐकलं. थांबली. "पैसं देऊन फिरता व्हय?" लेकीकडे बघून, "काय दिसलं?"

"पक्षी."

"नि वाघ?"

"नाही दिसला."

"मग निम्मं परत घ्या," म्हणाली आणि मोळी सावरत निघून गेली.

उतरताना नानांनी मला कायदा समजावला. तो असा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. त्याच्या कलम २७ मध्ये अभयारण्यात परवान्याशिवाय कोण जाऊ शकतं ते मोजून सांगितलंय: कामावर असलेला सरकारी नोकर, आत राहण्याची मुभा मिळालेला माणूस, हद्दीत ज्याचा स्थावर मालमत्तेवर हक्क आहे तो, सार्वजनिक रस्त्याने नुसता पलीकडे जाणारा, आणि यांच्यावर अवलंबून असलेली माणसं. बाकी सगळ्यांना कलम २८ चा परवाना. तो कशासाठी मिळतो तेही लिहिलंय: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या कुणाशी कायदेशीर व्यवहार. शुल्क त्याच कलमात. राष्ट्रीय उद्यानालाही हीच कलमं लागू होतात. "तू ज्याला तिकीट म्हणतेस ना, तो परवाना आहे," नाना म्हणाले. "तिकीट काढलं की खेळ बघायला मिळालाच पाहिजे. परवान्यात तसं काही नसतं."

म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला माझं अंगण म्हणत होते ते म्हातारीचं अंगण होतं. मी कायद्याने 'पर्यटन' या एका शब्दात बसते. हे पचायला मला पाड्यावरच्या न्याहारीपर्यंतचा वेळ लागला.

न्याहारी: चुलीवरची तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, कांदा. भाकरी इतकी पातळ आणि ऊन की बोटं भाजली. तीन माणसांचे पैसे दिले, नानांचा हात सवयीने पुढे झाला, वाढणाऱ्या बाईंनी त्यावर आणखी एक भाकरी ठेवली. नाना काही बोलले नाहीत. खाल्ली.

येऊरला जाणाऱ्यांसाठी: सकाळी लवकर जा, नऊनंतर रस्त्यावर गाड्यांचीच गर्दी जास्त. पुढे हवाई दलाचं ठाणं आहे, त्या बाजूला कॅमेरा काढू नका. स्पीकर, कुत्रा, पेटवापेटवी, काहीही नको. आग लावण्याला त्याच कायद्यात कलम ३० ची स्वतंत्र मनाई आहे. ड्रोन आणि लग्नाआधीच्या फोटोंचं प्रकरण वेगळ्या परवानगीचं, ते पर्यटकाच्या पावतीत बसत नाही. दर मी मुद्दाम लिहीत नाही. ते बदलत राहतात, आणि तीन वर्षं जुना आकडा मोबाईलवर दाखवून नाक्यावर हुज्जत घालणारा एक गृहस्थ आमच्या पुढेच होता. गेटवरचा फलक वाचा, तोच खरा.

दुसरा दिवस: ऐरोली

या दिवशी चूक माझी. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो बघायला बोट जाते, त्याची जागा राखली होती. वेळ बघताना मी आपली सिनेमाच्या हिशेबाने सकाळचा खेळ धरला आणि पावणेआठलाच तिघं दारात हजर. बोट साडेदहाला. बोटीच्या वेळा भरती-ओहोटीवर ठरतात आणि रोज सरकतात, हे मी वाचलंच नव्हतं.

नाना चिडतील वाटलं, पण त्यांना गप्पांना माणूस मिळाला. धक्क्यापाशी एक साठीतला माणूस दोरी ओवत बसला होता, जवळच्या गावातला कोळी. नानांनी विचारलं, "तुम्हाला कसं कळतं पाणी कधी येणार? कागद मिळतो का?"

"कागद हाय. पन कागदाआधी तिथी हाय." त्याने सांगितलं, पुनवेला नि अवसेला बाराच्या सुमाराला भरती. मग जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. "आज नवमी."

नानांचे डोळे चमकले. या घरात पाऊणकीचा पाढा येणारा माणूस फक्त तेच. "नऊ पाऊण पावणेसात!"

"पावणेसातला मुंबईत भरली. हितं खाडीत आत यायला जरा उशीर. आता उतरत चाललीय. साडेधापर्यंत चिखल उघडा पडतोय, मंग ते येतात जेवायला. पानी फार सुकलं तर बोट अडकते, फार भरलं तर पाखरू लांब." म्हणजे दोन्हींच्या मधली वेळ पकडायची. उधाणाच्या दिवसांत ही वेळ झपकन जाते, भांगाच्या, म्हणजे छोट्या भरतीच्या, दिवसांत जरा सवड मिळते. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, त्यामुळे आमचं नशीब बरं, असंही तो म्हणाला. मी हे सगळं मोबाईलवरच्या तक्त्याशी ताडून पाहिलं. फरक निघाला अर्ध्या तासाच्या आत. मोबाईल खिशात ठेवला.

मधल्या वेळात केंद्र पाहून घेतलं. देवमाशाचा सांगाडा बघून लेक बराच वेळ गप्प होती, हे आमच्या घरात क्वचित घडतं. मग लाकडी पुलावरून कांदळवनात. दोन्ही बाजूंना तिवरं, खाली चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली श्वासमुळं. तिथल्या मार्गदर्शक ताई म्हणाल्या, पान तोडू नका, नुसतं बोट फिरवा आणि चाटून बघा. फिरवलं. खारट! तिवर आत आलेलं जादा मीठ पानावाटे बाहेर टाकते. उन्हात तिरकं धरून पाहिलं तर पानाच्या पाठीवर मिठाचे बारीक कण चमकत होते, केळीच्या वेफर्सवर दिसतात तसे. लेकीने पाच पानं चाटली. शेवटी ताईंनीच आवरलं.

महाराष्ट्राला राज्य कांदळवृक्षही आहे, पांढरी चिप्पी, २०२० पासून. आंबा, ताम्हण, शेकरू, हरियाल, निलवंत हे सगळं लेकीला पाठ होतं, चिप्पी नव्हती. तिने नानांच्या वहीत लिहून ठेवली.

बोटीच्या पावतीवर नानांचा पहिला आक्षेप निघाला: वय. लेकीला लहान मुलांचा दर लागतो का मोठ्यांचा? खिडकीवरच्या मुलीने वय विचारलं, मी अकरा सांगितलं, तिने मान डोलावली. नाना म्हणाले, "पुरावा नाही मागितला." मी म्हटलं, "नाना, नका शिकवू त्यांना." पण खरंच सांगते, मुलांचं शाळेचं ओळखपत्र जवळ ठेवा. वयाची रेघ प्रत्येक ठिकाणी वेगळी आणि आपलं पोर वयापेक्षा मोठं दिसत असेल तर वादाला आयतं कारण.

बोट निघाली. दहा मिनिटं नुसतं राखाडी पाणी, ऐरोलीचा पूल, विजेचे मनोरे आणि फेब्रुवारीतच चटके देणारं ऊन. मग बोटवाल्याने इंजिन कमी केलं आणि कुणीच काही बोलेना. चिखलाच्या कडेने एक गुलाबी पट्टी. आधी वाटलं कुणी कापड वाळत घातलंय. जवळ गेलो तशी तिला माना फुटल्या. शेकडो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, सगळ्यांची डोकी उलटी चिखलात, पाय एकाच लयीत पुढे. आवाज मात्र गुलाबी अजिबात नाही, बदकांच्या खुराड्यासारखा. मधेच एक तुकडी उडाली आणि पंखांच्या आतला लाल-काळा रंग उघडला. याला अग्निपंख का म्हणतात ते तेव्हा कळलं.

बोट एका अंतराच्या पुढे गेली नाही. पुढच्या बाकावरचे एक काका म्हणाले, "घ्या ना जरा जवळ, पैसे दिलेत." बोटवाल्याने मान हलवली, "काका, पैसं बघायचं दिलंय, उठवायचं नाय." नाना माझ्या कानात, "परवाना."

ठाणे खाडीचा हा पश्चिमेकडचा पट्टा, ऐरोली आणि वाशीच्या पुलांच्या मधला, २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. सुमारे सतरा चौरस किलोमीटर, निम्म्याहून थोडं जास्त कांदळवन आणि बाकीचं पाणी. २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला. माझ्या लहानपणी या खाडीवरून रेल्वेने जाताना आम्ही नाकाला रुमाल लावायचो. वास आजही आहे, खोटं कशाला बोलू. पण आता त्या वासातून बघायला लोक रांग लावतात.

परत येताना धक्क्याजवळच्या चिखलात निवट्या दिसल्या. बोटाएवढे मासे, डोळे डोक्याच्या टपावर, पुढच्या परांवर रेलून चिखलात उड्या मारणारे. लेक वेडी झाली. "मासा चालतोय!" वीस मिनिटं तिथून हलली नाही. दुपारी त्या कोळी काकांच्या ओळखीने एका घरी जेवलो. तांदळाच्या भाकऱ्या, सुकट, आणि एका वाडग्यात लालभडक कालवण. लेकीने विचारलं हे काय. काकूंनी अभिमानाने सांगितलं, "निवट्या. ताज्या."

ती भाकरी आणि सुकट जेवली. नानांनी दोनदा कालवण घेतलं. नाना मुळात माळकरी नाहीत, हे बरं.

ऐरोलीसाठी सूचना एकच: आधी तारखेची भरतीची वेळ बघा, मग जागा राखा, मग सुट्टी टाका. मी उलट्या क्रमाने केलं. मोसम साधारण नोव्हेंबर ते मे. टोपी आणि पाणी घ्या, पाणी स्टीलच्या बाटलीत.

आता एक कुरकुर. या तीन दिवसांत एका ठिकाणी (नाव मुद्दाम देत नाही) झाडाखाली गाडी लावली तर कुठूनसा एक इसम उगवला आणि पन्नास रुपये मागितले. ना बिल्ला, ना फलक. नानांनी पैसे पुढे केले आणि हात तसाच ठेवला. तो म्हणाला, "पावती संपली." नाना म्हणाले, "मग आम्हीही थांबतो, नवीन पुस्तक येईपर्यंत," आणि खरोखरच दगडावर बसले. तो माणूस दहा मिनिटांत दुसऱ्या गाडीकडे गेला तो आलाच नाही. आमच्याकडच्या गडांवर गावातली संयुक्त वनव्यवस्थापन समिती माणशी थोडं 'उपद्रव शुल्क' घेते, त्यावरही समितीचं नाव आणि क्रमांक असतो, असं नाना सांगतात. शब्द मला फार आवडला. उपद्रव करणार हे गृहीत धरलेलं आहे, फक्त त्याची किंमत लावलीय.

तिसरा दिवस: कर्नाळा

रविवारी निखळ फिरायचं म्हणून पनवेलकडे. वाटेत खारघरच्या डोंगराकडे बघून नानांना पांडवकडा दाखवला. एकशेसात मीटरचा धबधबा, फेब्रुवारीत अर्थातच कोरडा ठक्क कडा. कॉलेजात आम्ही भर पावसात तिथे गेलो होतो, आता तो वेडेपणा आठवला की पोटात गोळा येतो. तिथे माणसं वाहून गेली आहेत आणि वनखातं पावसाळ्यात प्रवेशबंदी लावतं. बंदीच्या दिवसांत शुल्काचा प्रश्नच नाही, कारण परवानगीच नाही. दरवर्षी कुणीतरी 'मागच्या बाजूने वाट आहे' सांगणारा भेटतो. त्याला भेटू नका.

शिरढोणला थांबणं नानांचा हट्ट. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म इथला, १८४५ चा, आणि त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. म्हणजे त्या काळी वर जायची परवानगी त्यांच्याकडून घ्यावी लागली असती, हा नानांचा विनोद. तो त्यांनी दिवसभरात तीनदा केला.

कर्नाळा पक्षी अभयारण्याच्या गेटवर प्रवेशशुल्काच्या पुढे खरी गंमत आहे. प्लॅस्टिक मोजतात. पिशवी उघडायची, आत काय काय आहे ते खिडकीवरच्या बाई मोजणार, लिहिणार, अनामत घेणार. बाहेर येताना तेवढंच मोजून दाखवलं की अनामत परत. आमचं असं निघालं: बिस्किटांचे पुडे तीन, चिक्कीची पाकिटं दोन, पाण्याची बाटली एक (लेकीची, मी सांगूनही), वेफर्स एक, आणि नानांच्या औषधांच्या पट्ट्या चार. पट्ट्या मोजायच्या का यावर चर्चा झाली. नाना म्हणाले, मोजा. एकूण अकरा. हा त्यांच्या सहलीतला सर्वोच्च क्षण असावा.

वर किल्ल्यावर चढायला आम्हाला दोन तास लागले, नानांच्या गुडघ्यांमुळे आणि दर वळणावरच्या पक्ष्यांमुळे. झाडी दाट, सावली भरपूर. शामा पक्ष्याची शीळ मात्र ऐकाच, कुणी बासरी शिकत असावं आणि चांगली येत असावी, तशी. वर सुळक्याखाली कोरीव टाकी आहेत. सुळक्याला मधमाश्यांची पोळी असतात, म्हणून तिथे अत्तर, सिगारेट आणि आरडाओरडा तिन्ही टाळा. एक गट वर घोषणा देत होता. नाना त्यांच्याजवळ गेले, वर बोट दाखवलं. पुढच्या मिनिटाला घोषणा बंद.

उतरताना सावलीत बसलो आणि माकडाने झडप घातली. चिक्कीचं एक पाकीट घेऊन सरळ झाडावर. लेक हसून लोळली. नाना मात्र उठून उभे. "अकरातलं एक गेलं."

गेटवर मोजदाद. दहा. बाई म्हणाल्या, "एक कमी."

"माकडाने नेलं," नाना म्हणाले.

"सगळ्यांचं माकडच नेतं, बाबा." पण चेहरा बघून तिला दया आली असावी. शेजारी पोतं होतं, वाटेवरून वेचून आणलेल्या कचऱ्याचं. "घ्या यातलं एक आणि करा अकरा."

"ते आमचं नाही," नाना म्हणाले. "अनामत ठेवा तुम्ही. फक्त जमा केल्याची पावती द्या."

जमा केल्याची पावती असते का, हे तिलाही पटकन सांगता येईना. मागे रांग वाढत चाललेली. शेवटी मी आणि लेक परत वर गेलो. ते झाड सापडलं, माकड सापडलं, पाकीट नाही. मात्र त्याच बुंध्याशी दुसऱ्यांची सहा वेष्टनं सापडली, दोन तर चिखलात रुतून जुनी झालेली. ती घेऊन आलो. बाईंनी मोजली. "अकरा पायजे होती, सोळा आली," म्हणाल्या आणि अनामत परत केली. नानांनी वहीत हे कसं मांडावं यावर गाडीत अर्धा तास विचार केला.

संध्याकाळी पनवेलजवळच्या एका गावात माझ्या मैत्रिणीच्या शेतावर पोपटी होती, मोसमातली शेवटची. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मधे बटाटे आणि अंडी, पुन्हा पाला, आणि मडकं उलटं करून भोवती पेंढ्याचा जाळ. जंगलात तीन दिवस काडीही न पेटवलेल्या लेकीला इथे जाळ सारायला मिळाला. मडकं उघडल्यावर जो भांबुर्डीचा कडवट-गोड धूर आला तो माझ्या ओढणीला अजून येतोय. वालाची शेंग दातात धरून ओढायची, दाणे तोंडात, साल बाहेर. नानांनी सालींचा ढीग केला आणि मैत्रिणीच्या सासूबाईंना विचारलं, "या मोजायच्या का?"

तीन दिवसांच्या सगळ्या शुल्कांपेक्षा, बोट धरूनही, आमचं एका रविवारचं हॉटेलातलं जेवण जास्त महाग पडतं. हा हिशेब नानांनीच काढला.

परवा ते गावी गेले. जाण्याआधी पावत्या तारखेनुसार वहीत चिकटवल्या, डिंकाने, कोपरे दाबून. पन्नास रुपयेवाल्याच्या तारखेला रिकामी चौकट आणि आत 'दिले नाहीत'. कर्नाळ्याच्या पानावर खाली दोन ओळी, तलाठी अक्षरात:

जादा जमा: वेष्टने ६.
येणे बाकी: चिक्कीचे पाकीट १, माकडाकडून.